डॅन्यूबकाठची नवी लागवड

घड्याळाचा लहान काटा तास दाखवतो आणि मोठा काटा मिनिटे, ही गोष्ट आपण मराठी दुसरीत शिकतो आणि पुढे जन्मभर तिच्याविषयी शंका घेत नाही. परंतु सर्बिया देशात डॅन्यूब नदीच्या काठी, पेत्रोवारादिन नावाच्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर एक घड्याळ असे आहे, की त्याच्या भरवशावर निघालेला नवखा माणूस हमखास गाडी चुकवील. त्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटे! कारण विचाराल तर अगदी साधे आहे. हे घड्याळ कचेरीत जाणाऱ्यांसाठी नव्हतेच मुळी. ते होते खाली नदीतून ये-जा करणाऱ्या नावाड्यांसाठी. अर्ध्या मैलावरून होडी हाकणाऱ्याला मिनिटांशी काय कर्तव्य? तास कळला की त्याचे काम झाले. शिवाय थंडी पडली की ह्या घड्याळाची गती मंदावते आणि उन्हाळा आला की ते पुढे धावू लागते, म्हणून गावकरी त्याला ‘झिंगलेले घड्याळ’ म्हणतात. मारिया थेरेसा राणीच्या काळात ज्या घरांतून हे घड्याळ दिसे त्या घरांवर घड्याळपट्टी बसवली होती, असेही तिथे सांगतात. खरेखोटे देव जाणे. पण सरकार कशावर कर बसवील ह्याचा नेम नाही, हे पटायला कुणाला पुराव्याची गरज भासू नये.

ह्या घड्याळाच्या समोर, नदीच्या पलीकडच्या काठावर जे शहर पसरले आहे ते नोव्ही साद. बेलग्रेडपासून रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर. व्होइवोदिना ह्या सर्बियाच्या उत्तरेकडील प्रांताची ही राजधानी. २०२२ च्या शिरगणतीत शहर आणि त्याची आसपासची गावे मिळून ३ लाख ६८ हजारांवर वस्ती भरली. बेलग्रेडचे नाव आपल्याकडे निदान जुन्या वाचकांना तरी माहीत असते; टिटो, नेहरू, १९६१ ची अलिप्त राष्ट्रांची परिषद वगैरे गोष्टींमुळे ते वर्तमानपत्रांत वारंवार येई. नोव्ही सादच्या वाट्याला तसे भाग्य आले नाही. परंतु युरोपच्या मधल्या भागाची गेल्या तीनशे वर्षांची सुखदुःखे एकाच गावात पाहायची असतील, तर बेलग्रेडपेक्षा हेच गाव मला अधिक बोलके वाटते.

आधी नावांचेच घ्या. भाषेच्या अध्यापकाला नावांवरून पुढे जाववत नाही, हा आमच्या धंद्याचा दोष समजून वाचकांनी क्षमा करावी. ‘नोव्ही’ म्हणजे नवा. आपल्या ‘नव’ शब्दाचा हा सख्खा भाऊ. ‘साद’ म्हणजे लावलेली बाग, लागवड. ज्या धातूपासून संस्कृतात बसणे ह्या अर्थाचा ‘सद्’ आला, त्याच मुळाचा हा शब्द. तेव्हा नोव्ही साद म्हणजे नवी लागवड. सर्बियन भाषेत दोन, तीन, चार ह्यांना ‘द्वा, त्रि, चेतिरि’ म्हणतात आणि भावाला ‘ब्रात’. आणि नदीचे नाव? आपण इंग्रजीवरून डॅन्यूब म्हणतो, सर्ब लोक ‘दुनाव’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ हे नाव ज्या प्राचीन शब्दाशी जोडतात तो वेदांत ‘दानु’ ह्या रूपाने आढळतो. ओलावा, थेंब, वाहते पाणी असा त्याचा अर्थ. ऋग्वेदात पाणी अडवून बसणाऱ्या वृत्राच्या आईचे नावही दानु! ह्या नदीने पुढे जे पाहिले आणि जे पोटात घेतले, ते वाचताना मला ही वृत्राची आई पुन्हा पुन्हा आठवते.

नदीचे दोन काठ दोन स्वभावांचे आहेत. उजवा काठ चढाचा. त्यावर पेत्रोवारादिनचा किल्ला आणि त्याच्या मागे फ्रूश्का गोरा ही डोंगरांची ओळ. उंची फार नाही, सर्वांत उंच माथा ५३९ मीटर. पण सपाट मुलुखात तेवढ्याही डोंगराला मोठा मान मिळतो. त्याच्या दऱ्याखोऱ्यांत द्राक्षांचे मळे आहेत आणि सर्बियन ऑर्थोडॉक्स पंथाचे सोळा मठ आहेत. डावा काठ मात्र तव्यासारखा सपाट. तिथून जे मैदान सुरू होते ते थेट हंगेरीत जाते. शेतीला सोन्यासारखे, आणि स्वाऱ्या करणाऱ्यांच्या घोड्यांनाही तितकेच सोयीचे!

तुर्कांनी हा मुलुख दीडशे वर्षांहून अधिक काळ ताब्यात ठेवला. सतराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटाने त्यांना मागे रेटले आणि १६९२ मध्ये पेत्रोवारादिनवर नवा किल्ला बांधायला घेतला. हे काम १७८० पर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, चालू होते. ज्याने पहिला दगड बसवला त्याच्या पणतवाने शेवटचा बसवला असेल! वर दिसतो तेवढाच किल्ला नव्हे. खाली डोंगराच्या पोटात चार मजल्यांची भुयारे आहेत आणि त्यांची एकूण लांबी सुमारे १६ किलोमीटर भरते. हे बांधकाम चालू असतानाच, ५ ऑगस्ट १७१६ रोजी, तुर्कांचा मुख्य वजीर दामाद अली पाशा प्रचंड फौज घेऊन इथे आला. सॅव्हॉयचा राजपुत्र युजीन ह्याने त्याचा पराभव केला आणि वजीर रणातच पडला. ‘डॅन्यूबवरील जिब्राल्टर’ असे नाव ह्या किल्ल्याला मिळाले. पण गंमत अशी, की एवढ्या खटाटोपाने बांधून पुरा होईतो तुर्कांची भीती ओसरत चालली होती. मग ह्या अजिंक्य किल्ल्याचा मुख्य उपयोग झाला तुरुंग म्हणून. ऑस्ट्रियाच्या फौजेतला जोसिप ब्रोझ नावाचा एक तरुण सार्जंट पहिल्या महायुद्धाच्या आरंभी युद्धविरोधी प्रचाराच्या आरोपावरून इथे कोंडला गेला होता. पुढे जगाने त्याला टिटो ह्या नावाने ओळखले.

मग पलीकडच्या काठावर शहर वसले ते कसे? किल्ल्याच्या बाजूला ऑर्थोडॉक्स पंथाच्या सर्बांना राहण्याची मनाई होती म्हणून! १६९० साली तुर्कांच्या सूडाच्या भीतीने हजारो सर्ब कुटुंबे आपल्या धर्मगुरूच्या मागोमाग उत्तरेकडे आली होती. त्यांना सम्राटाने आश्रय दिला, सैन्यात घेतले; पण त्यांचा पंथ कॅथॉलिक नव्हे, तेव्हा किल्ल्याच्या गावठाणात जागा नाही. सैन्याला धान्य हवे, कापड हवे, मीठ हवे. ते पुरवणारे व्यापारी मात्र पाण्यापलीकडे राहोत, असा हा न्याय. तेव्हा १६९४ च्या सुमारास सर्ब व्यापारी, कारागीर आणि सैनिक समोरच्या दलदलीत झोपड्या घालून राहिले. जिथे कुणी सुखासुखी घर बांधले नसते अशा चिखलात हे गाव रुजले. पुढे १७३९ च्या तहाने बेलग्रेड पुन्हा तुर्कांच्या हाती गेले आणि तिथले सर्ब, जर्मन, आर्मेनियन, ज्यू, ग्रीक व्यापारी आपापली गाठोडी घेऊन इथेच आले.

माणसे वाढली, पैसा वाढला. परंतु गाव लष्कराच्या आणि सरकारी अंमलदारांच्या मर्जीवर. ही कटकट एकदाची मिटवावी म्हणून गावकऱ्यांनी एक व्यापारी तोडगा काढला. त्यांनी स्वातंत्र्य विकत घेतले! व्हिएन्नाच्या दरबारी ८०,००० फ्लोरिन मोजले आणि १ फेब्रुवारी १७४८ रोजी मारिया थेरेसाकडून स्वतंत्र राजनगराची सनद मिळवली. ह्या सनदेत नावाचाही प्रश्न होता आणि तो मोठ्या शहाणपणाने सोडवला गेला. लॅटिनमध्ये निओप्लांता, आणि मग प्रत्येकाने आपापल्या भाषेत त्याच अर्थाचे नाव घ्यावे. हंगेरियन लोकांनी म्हणावे उयविदेक, जर्मनांनी नोयझात्स, सर्बांनी नोव्ही साद. एका गावाला चार नावे आणि चारही खरी! गावांच्या नावांवरून माणसे एकमेकांची डोकी फोडतात त्या जगात अठराव्या शतकातली ही तोड मला फार सुसंस्कृत वाटते.

दुर्दैवाने पुढच्या शतकात हे शहाणपण टिकले नाही. १८४८ साली युरोपभर क्रांतीचे वारे सुटले. हंगेरियन ऑस्ट्रियाविरुद्ध उठले, आणि सर्ब हंगेरियनांविरुद्ध. किल्ला हंगेरियन शिबंदीच्या हाती आणि समोरचे गाव सर्बांचे. १२ जून १८४९ रोजी सम्राटाच्या बाजूची फौज गावात शिरताच किल्ल्यावरून तोफा सुरू झाल्या. त्या फौजेचा सेनापती येलाचिच हा जन्माने पेत्रोवारादिनचाच, हा आणखी एक दैवदुर्विलास. सुमारे २,८०० घरांपैकी दोन हजारांवर घरे त्या माऱ्यात जळाली किंवा ढासळली. निम्म्याहून अधिक माणसे गाव सोडून गेली. ज्या किल्ल्याच्या आधाराने गाव उभे राहिले त्याच किल्ल्याने ते भाजून काढले. आजच्या नोव्ही सादमध्ये फिरताना जुन्या घरांची बांधणी बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली दिसते, त्याचे कारण हे.

पण ह्याच जळलेल्या गावाला पुढे पंधरा-वीस वर्षांत ‘सर्बियन अथेन्स’ म्हणू लागले. ही कथा मात्र एका मासिकापासून सुरू होते. नोव्ही सादच्या शाळेतला एक प्राध्यापक, गेओर्गिये मागाराशेविच, ह्याने १८२४ मध्ये ‘लेतोपिस’ म्हणजे वृत्तान्त ह्या नावाचे एक वाङ्मयीन नियतकालिक काढले. प्राध्यापकाने काढलेल्या नियतकालिकाचे जे होते तेच झाले. अंक निघाले, पैसे संपले. परंतु ह्या प्राध्यापकाचे नशीब आपल्यापैकी पुष्कळांहून बलवत्तर. १८२६ साली पेस्ट शहरातल्या काही सर्ब व्यापाऱ्यांनी ते वाचवण्यासाठी एक संस्थाच स्थापन केली आणि तिला नाव दिले ‘मातित्सा’. मातित्सा म्हणजे मधमाश्यांची राणी. भोवती माश्या जमाव्यात आणि पोळे उभे राहावे, ही कल्पना. १८६४ मध्ये ही राणी नोव्ही सादला आली, आणि पोळे खरोखरच उभे राहिले. कोश निघाले, ग्रंथालय वाढले, चित्रसंग्रह झाला. ‘लेतोपिस’ आजही निघतो! तेल, कातडी आणि धान्याचा व्यापार करणाऱ्यांनी वाचवलेले मासिक दोनशे वर्षे टिकले, हे आपल्या शेटजींच्या कानावर कुणीतरी घालायला हवे.

त्याच काळात, १८६१ साली, सर्बियन राष्ट्रीय नाट्यगृहाची स्थापना झाली आणि स्वेतोझार मिलेतिच नगराध्यक्ष झाला. वकील, पत्रकार, फर्डा वक्ता. त्याने नगरसभेचा कारभार सर्बियन भाषेत सुरू केला, ‘झास्तावा’ म्हणजे निशाण नावाचे पत्र काढले, सरकारचा रोष ओढवून घेतला आणि १८७६ पासून तीन वर्षे तुरुंग भोगला. मुख्य चौकात त्याचा पुतळा आहे. इव्हान मेश्त्रोविच ह्या थोर शिल्पकाराने १९३९ मध्ये केलेला. हात वर उगारलेला, अंगरखा वाऱ्यावर उडतो आहे. चौकाच्या एका बाजूला नगरभवन आणि दुसऱ्या बाजूला १८९५ चे कॅथॉलिक चर्च. हे चर्च ऑर्थोडॉक्सांच्या मुख्य मंदिरापेक्षा उंच, म्हणून सगळे गाव त्यालाच ‘कॅथीड्रल’ म्हणते. वस्तुतः बिशपचे आसन तिथे नाही.

परंतु ह्या गावाचे खरे लाडके माणूस म्हणजे कवी योवान योवानोविच. जन्म १८३३, ह्याच गावात. धंद्याने डॉक्टर. त्याने ‘ज्माय’ नावाचे विनोदी पत्र काढले. ज्माय म्हणजे आगीचे फूत्कार सोडणारा अजगर. पण सर्बियन लिपीत ‘३ मे’ लिहिले तर अक्षरे तशीच दिसतात, आणि ३ मे १८४८ रोजी सर्बांची मोठी सभा भरली होती! सरकारला अजगर दिसावा आणि वाचकांना सभा आठवावी, असा हा श्लेष. तेच नाव पुढे कवीला चिकटले. पत्नीवरील प्रेमकवितांच्या संग्रहाला त्याने ‘जुलिची’ म्हणजे गुलाबकळ्या असे नाव दिले. आपल्या ‘गुल’चेच हे रूप, तुर्कांच्या मार्गाने तिकडे गेलेले. पत्नी क्षयाने गेली. मुलेही एकामागून एक गेली. पुढच्या संग्रहाचे नाव झाले ‘कोमेजलेल्या गुलाबकळ्या’. आणि ज्याच्या घरात एकही मूल उरले नाही त्या ह्या डॉक्टराने १८८० मध्ये मुलांसाठी ‘नेवेन’ नावाचे मासिक काढले! नेवेन म्हणजे झेंडूसारखे एक फूल. सर्ब मुलांच्या पिढ्या त्याच्या बालगीतांवर वाढल्या. विद्युतशास्त्रज्ञ निकोला टेस्ला हा त्याचा मोठा चाहता. त्याने अमेरिकेत ज्मायच्या काही कवितांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध करवली. जुन्या बाजारपेठेच्या रस्त्याला आज कवीचेच नाव आहे. दोन्ही बाजूंना दुकाने, कॉफीची टेबले, आणि टोकाला स्वतः कवी पुतळ्याच्या रूपाने उभा.

ह्याच शहरातल्या किसाच्का रस्त्यावरच्या एका घराचाही उल्लेख केला पाहिजे. मिलेवा मारिच हिचे हे माहेर. झुरिकला जाऊन पदार्थविज्ञान शिकलेली ही मुलगी आल्बर्ट आइनस्टाइनची पहिली पत्नी. जावईबापू सासुरवाडीला काही वेळा येऊन गेले. दोघा मुलांचा बाप्तिस्माही १९१३ मध्ये नोव्ही सादच्याच सेंट निकोलस चर्चमध्ये झाला. आइनस्टाइनच्या संशोधनात मिलेवाचा वाटा किती, ह्यावर विद्वानांचे वाद आहेत. तिची परीक्षा अपुरी राहिली, संसार मोडला आणि आजारी मुलाची शुश्रूषा तिने आयुष्यभर केली, एवढ्यावर मात्र वाद नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले आणि २५ तारखेला नोव्ही सादमध्ये भरलेल्या सभेने सर्बियात सामील होण्याचा ठराव केला. त्यानंतरची तेवीस वर्षे बरी गेली. १९११ मध्ये सुरू झालेल्या ‘श्ट्रांड’ नावाच्या नदीकाठच्या वाळूवर उन्हाळ्यात सारे गाव पोहायला लोटे. सर्ब, हंगेरियन, जर्मन, ज्यू, स्लोवाक अशा सगळ्यांची मुले एकाच वाळूत खेळत.

आणि आता त्याच वाळूवर घडलेली गोष्ट सांगायची आहे. दिवाळीच्या अंकात ती सांगावी की नाही, असा प्रश्न मनात आला. पण ती गाळली तर ह्या गावाविषयी काहीच सांगितले नाही असे होईल.

१९४१ च्या एप्रिलमध्ये हिटलरचा दोस्त असलेल्या हंगेरीने हा भाग व्यापला. १९४२ च्या जानेवारीत, २१ ते २३ ह्या तीन दिवसांत, बंडखोरांचा शोध घेण्याच्या निमित्ताने हंगेरियन लष्कराने आणि पोलिसांनी शहराची कोंडी केली. तारा तोडल्या, रस्ते बंद केले, घराघरांतून माणसे बाहेर काढली. थंडी इतकी, की डॅन्यूब गोठलेली. श्ट्रांडवर बायका, मुले, म्हातारे ह्यांच्या रांगा लावल्या. बर्फाला भोके पाडली होती. गोळ्या घालायच्या आणि प्रेत भोकातून नदीत लोटायचे. शहरात बाराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत आठशेवर ज्यू, बाकी बहुतेक सर्ब. आसपासच्या गावांतले बळी मिळवले तर आकडा तीन हजारांच्या पुढे जातो. ज्यांच्यापाशी उन्हाळ्यात पोहायला शिकलो त्याच पाण्यात ढकलले जाणे, ह्याची कल्पना करवत नाही.

त्या रांगेत एक रेल्वे अधिकारी होता. बर्फातले भोक प्रेतांनी तुंबले म्हणून मारणे थांबले आणि तो परत आला. त्याचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. तो मुलगा म्हणजे पुढे युरोपात नावाजलेला कादंबरीकार दानिलो किश. वडील त्या दिवशी वाचले, पण १९४४ मध्ये आउश्विट्झने त्यांना गिळलेच. किशच्या लेखनातून ह्या हरवलेल्या बापाचा शोध कधी संपला नाही. नोव्ही सादमध्येच आयुष्य घालवलेल्या अलेक्सांदर तिश्मा ह्या लेखकाने १९७२ मध्ये ‘ब्लामचे पुस्तक’ ही कादंबरी लिहिली. त्या संहारात सगळे नातलग गमावून स्वतः मात्र जिवंत राहिलेला एक माणूस त्याच रस्त्यांवरून फिरत राहतो, एवढीच कथा. पण वाचून झोप उडते.

न्यायासाठी हेही नमूद केले पाहिजे, की ह्या कृत्याचा निषेध प्रथम हंगेरीतच झाला. एंद्रे बायची-झिलिन्स्की ह्या लोकप्रतिनिधीने पार्लमेंटात आवाज उठवला; युद्ध चालू असतानाच, १९४३ च्या अखेरीस, बुडापेस्टमध्ये अपराधी अधिकाऱ्यांवर खटला झाला. मुख्य आरोपी जर्मनीत पळाले, ही गोष्ट वेगळी. पुढे १९६४ मध्ये तिबोर चेरेश ह्या हंगेरियन लेखकाने ‘थंड दिवस’ नावाची कादंबरी लिहून आपल्याच लोकांपुढे आरसा धरला. आणि १९४४ च्या शरदात गाव मुक्त झाले तेव्हा जेत्यांनीही सूड घेताना अपराधी आणि निरपराध असा भेद पाहिला नाही. कित्येक हंगेरियन आणि जर्मन मारले गेले. नोयझात्स म्हणणारे जर्मन तर जवळजवळ नाहीसेच झाले. १९०९ मध्ये बांधलेले सुंदर सिनेगॉग अजून उभे आहे. तिथे आता संगीताच्या मैफली होतात, कारण प्रार्थनेला पुरेशी माणसे उरली नाहीत. आर्मेनियनांचे १७४६ चे चर्च १९६३ मध्ये रस्तारुंदीत पाडले; त्याला कुणी शत्रू लागला नाही, नगररचनाकार पुरे झाले. नदीकाठी १९७१ मध्ये शिल्पकार योवान सोल्दातोविच ह्याने केलेले स्मारक आहे. एकमेकांना बिलगून उभे असलेले एक कुटुंब, उंच आणि हडकुळे.

नव्या राजवटीत विद्यापीठ आले, १९६० मध्ये. कारखाने आले, रुंद रस्ते आले, किल्ल्यातल्या बराकींत चित्रकार-शिल्पकारांना जागा मिळाल्या. पूलही झाले. ब्रांको झेझेल ह्या स्थापत्यकाराचा १९६१ चा कमानींचा पूल त्या काळी मोठे नवल मानला गेला. युगोस्लाव्हिया मोडल्यावर कोसोव्होच्या युद्धात १९९९ च्या एप्रिलमध्ये नाटोच्या विमानांनी ह्या शहराचे तिन्ही पूल पाडले. पहिला १ तारखेला, दुसरा ३ तारखेला. झेझेलचा पूल अनेक हल्ले सोसून २६ तारखेला पडला. पहिल्या पुलाबरोबर पलीकडच्या काठाला पाणी नेणारे नळही तुटले. म्हणजे नदी समोर दुथडी वाहते आहे आणि घरात प्यायला पाणी नाही! माणसे पडावांतून आणि तराफ्यांवरून कामावर जाऊ लागली, जशी १७०० साली जात असतील. सर्व पूल नीट उभे व्हायला २०१८ साल उजाडले.

पूल नसलेल्या त्या दिवसांतच, २००० च्या उन्हाळ्यात, विद्यार्थ्यांनी नदीकाठी गाण्याबजावण्याचा मोठा जलसा मांडला. मिलोशेविचच्या राजवटीला निरोप देण्यासाठी त्याचे नाव ‘एक्झिट’. पुढच्या वर्षी तो किल्ल्यावर गेला आणि २०२५ पर्यंत दर जुलैत, एका महामारीच्या वर्षाचा अपवाद वगळता, तिथे गाजत राहिला. ज्या बुरुजांवरून १८४९ मध्ये तोफा डागल्या त्यांवर देशोदेशींची पोरे पहाटेपर्यंत नाचत. शेजारी ते झिंगलेले घड्याळ!

२०२२ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याचा मान नोव्ही सादला मिळाला. त्याच वर्षी बेलग्रेडहून दोनशे किलोमीटर वेगाची आगगाडी सुरू झाली. रेल्वे स्थानकाची १९६४ ची इमारत नव्याने सजवली गेली. आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी, सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी, त्या स्थानकाच्या दारावरचे काँक्रीटचे छत खाली बाकांवर बसलेल्या माणसांवर कोसळले. चौदाजण तिथेच गेले, दोघे नंतर रुग्णालयात. हा अपघात नव्हे, ही लाचखाऊ कारभाराची करणी, असे म्हणून विद्यार्थी रस्त्यावर आले. घोषणा नाहीत; मृतांमागे एक अशी मिनिटे मोजून नुसते स्तब्ध उभे राहायचे. देशभरचे वर्ग ओस पडले. पंतप्रधानांनी २०२५ च्या जानेवारीत राजीनामा जाहीर केला; ते पूर्वी नोव्ही सादचेच महापौर होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस बेलग्रेडचे शेकडो विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत पायी नोव्ही सादला निघाले. वाटेतल्या गावांतून बायाबापड्या रस्त्यावर टेबले मांडून रस्सा, पोळ्या, फळे वाढत होत्या. ३१ जानेवारीच्या रात्री ते शहरात शिरले तेव्हा गावकऱ्यांनी आतषबाजी करून त्यांचे स्वागत केले. दुसऱ्या दिवशी हजारो लोकांनी शहराचे तिन्ही पूल अडवून धरले. तारीख होती १ फेब्रुवारी, मारिया थेरेसाच्या सनदेचा वाढदिवस. तो मुद्दाम साधला नव्हता. दुर्घटनेला त्या दिवशी तीन महिने झाले होते, एवढेच. रात्रभर पुलावर शेकोट्या पेटल्या होत्या. परत चालत जायचे त्राण पोरांच्या पायांत नव्हते. तेव्हा बेलग्रेडहून टॅक्सीवाले आले, शेकडो गाड्या घेऊन, आपण होऊन, आणि एक दमडी न घेता सगळ्यांना घरी पोहोचवून आले.